सावडीचा वीडर

माणसांना अवजारांची भाषा कळेनाशी झाली, त्यानंतरची ही गोष्ट.

माळेवाडीत दगडूतात्या, शेवंताकाकू आणि बाबू या तिघांनी मिळून तण काढायचा छोटा पॉवर वीडर घेतला. "सावडीचा आहे हो!" दगडूतात्या सगळ्यांना सांगत सुटला. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, ती सावड. वीडर हरखला. त्याला वाटलं, मी तिघांचं तण काढीन, तिघं माझं बघतील.

गोठ्यातलं जुनं कोळपं म्हणालं, "बाळा, सावड माणसामाणसांत असते. आपण त्यात नसतो."

तात्याच्या भेंडीत इंजिनातलं ऑइल कमी झालं. वीडर कळवळून ओरडला, पण तात्याला नुसती घरघर ऐकू आली. "उद्या शेवंताकडं जायचाच आहे, ती घालील," तो म्हणाला.

शेवंताकाकू म्हणाली, "तात्यानं भरूनच धाडला असेल की! नाहीतर बाबू आहेच."

बाबूनं पेट्रोल ओतलं, पण ऑइलच्या झाकणाला हात लावला नाही. "यंत्र तिघांचं, मी एकट्यानंच का घालू?"

बाबूच्या मिरचीच्या अर्ध्या सरीत इंजिन जाम झालं. तोवर वीडरला वाटत होतं, कुणीतरी येईल.

आले, तिघंही आले. दोरी ओढओढून दमले.

"माझ्याकडं झकास चालत होता," तात्या म्हणाला.

"माझ्याकडंही!" काकू म्हणाली.

"मग अर्ध्या सरीपर्यंत माझ्याकडं काय झोपला होता?" बाबू उसळला.

खोटं कुणीच बोलत नव्हतं.