हिरव्या चहाचा केक आणि झोपलेली पानं

धुक्याची दुलई पांघरून बसलेल्या एका डोंगरावर चहाचा मळा होता. मळ्याच्या कडेला, पत्र्याच्या खोपटात बकुळा आणि तिची आई राहायच्या. आई चहाची कोवळी पानं खुडायची. पण एकदा तिला ताप आला, आणि ताप उतरला तरी अंगातली ताकद काही परतेना. मग आईची टोपली बकुळाने पाठीला लावली. टोपली केवढी मोठी, आणि झुडपं तर तिच्या नाकापर्यंत! संध्याकाळी घरी येऊन ती चूल पेटवायची, पेज शिजवायची. आई एक घोट घेऊन वाडगा बाजूला सारायची.

"सगळं कडू लागतं गं, बकू. तूच खा."

एके दुपारी पानं खुडता खुडता बकुळाचे डोळेच मिटले. मुकादम धोंडबाकाका खेकसले, "ए पोरी! झोपायचं तर घरी जा!"

बकुळा मान खाली घालून निघाली. पाय उचलवत नव्हते. वाटेत एका झुडपावर काहीतरी लुकलुकलं. पोपटी झगा, दवबिंदूंची माळ, आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पंखुल्या. इवलीशी परी कोळ्याच्या जाळ्यात अडकली होती! बकुळाला वाटत होतं, इथेच मातीत आडवं व्हावं. तरी ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक धागा हळूच सोडवत राहिली. पंखाला तिने ओरखडाही येऊ दिला नाही.

"मी या मळ्याची परी," पंख झटकत ती म्हणाली. "तुझ्या दोन इच्छा पुऱ्या करीन. पण माझे नियम आहेत हं. मातीत उगवतं आणि ताटात येतं, तेवढ्यावरच माझी सत्ता. दुखणं मला घालवता येत नाही. सामान मी देईन, कष्ट तुझे. आणि वासाने जो कुणी दारात येईल, त्याला उपाशी पाठवायचं नाही."

"मग आईला गोड लागेल असं काहीतरी दे ना," बकुळा म्हणाली. "केक! आपल्या मळ्यासारखा हिरवागार केक."

परीने टिचकी वाजवली. खोपटात मऊमऊ मैदा, साखर, अंडी, पांढरंशुभ्र लोणी आणि टपोऱ्या जांभळ्या तुतींची इवली टोपली येऊन बसली.

बकुळाने एक जांभई दिली आणि कामाला लागली. कोवळी पानं वाफवली, तव्यावर वाळवली, जात्यावर दळली. जातं ओढता ओढता दोनदा तिला डुलकी लागली. पण पीठ कसं पडलं, तर पोपटाच्या पिसांचा चुरा जणू! ते मैद्यात मिसळून तिने अंडी फेटली. मोठ्या पातेल्यात वाळू तापवली, त्यात केकचं भांडं ठेवलं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. केक फुलेपर्यंत तुती कुस्करून लोण्यासाखरेत घोटली. गुलाबी-जांभळं क्रीम झालं, सांजवेळच्या ढगासारखं. ते केकवर पसरताना तिचे हात खांद्यातून गळून पडतील असं वाटत होतं.

तेवढ्यात दार वाजलं. दारात धोंडबाकाका!

"कसला वास गं हा?" ते पुटपुटले. त्यांचा चेहराही धुळीने माखलेला, डोळे दमलेले. बकुळाला त्यांचं दुपारचं खेकसणं आठवलं. पण तिने पाट मांडला. "बसा, काका."

एक घास खाऊन काकांनी बोटं चाटली. मग आल्या पानं खुडणाऱ्या बाया, त्यांची पोरं, आणि काठी टेकत म्हातारी गोजराआजी. बकुळा कापत गेली, वाढत गेली. पोटात कावळे ओरडत होते, आणि केक तर लहान लहान होत चालला होता. शेवटी एकच तुकडा उरला. तो तिने आईपुढे धरला.

आईने बोट लावून चाखलं. मग घास घेतला. मग आणखी एक.

"कडू लागतंय का गं आई?"

"नाही गं बाळ. पाऊस पडून गेल्यावर मळा असतो ना, तसं लागतंय."

आईने पूर्ण तुकडा संपवला. बकुळा रिकामं भांडं पुसू लागली, तशी परी खिडकीत येऊन बसली. "तुला काहीच उरलं नाही. दुसरी इच्छा बाकी आहे. तुझ्यासाठी केक देऊ?"

बकुळाने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी भिंतीला टेकलं होतं, कुणी बसल्याजागी पेंगत होतं. ती हळूच म्हणाली, "उद्या सगळ्यांना निजू दे ना."

परीचे डोळे चमचमले. "माणसांना मी झोपवू शकत नाही. पानांना मात्र नक्की झोपवीन. दर आठवड्याला एक दिवस पानं मिटून राहतील, कुणाला खुडताच येणार नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट फुलतील. टोपल्या दुपारच्या आत भरतील!"

"आणि त्या सुट्टीला केक आम्ही करू," गोजराआजी म्हणाली. "तू नुसती बसून खायचंस."

धोंडबाकाका खाकरले. "टोपली आता मी उचलीन हिची. आई चालती-फिरती होईस्तोवर हिने मळ्यात यायचं नाही."

परी खुदकन हसली. तिच्या पंखांतून हिरवा, गुलाबी, सोनेरी उजेड सांडला, खोपट लख्ख उजळून निघालं, आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

"बघितलंस का, आई..." बकुळा म्हणाली. वाक्य काही तिला पुरं करता आलं नाही. आईच्या मांडीवर डोकं टेकताच तिला गाढ झोप लागली होती.