धाकटीचा सूर

फार जुनी गोष्ट. टेकडीवरच्या चर्चच्या मनोऱ्यात तीन घंटा होत्या. पाद्रीबाबांनी तिघींना बाप्तिस्मा देऊन नावं ठेवली होती: थोरली पेत्रा, मधली मोनिका आणि धाकटी लुसिया.

थोरलीला वीज पडून चीर गेली होती, पण तिचा फुटका आवाजच आता सगळ्यांच्या कानात बसला होता.

एका ईस्टरला धाकटी म्हणाली, "ताई, तुला चीर गेलीय गं. खरा सूर हा नव्हे."

"पाखंडी!" थोरली कडाडली. "मोनिके, तू सांग."

मोनिकाला ती चीर रोज दिसत होती. ती म्हणाली, "ताई म्हणेल ते खरं."

खाली लोकांनाही धाकटीच बेसूर वाटली. त्यांनी तिला उतरवून अंगणात पुरून टाकलं.

पुढे थोरली दुभंगली. ओताऱ्याने धाकटीला उकरून काढलं, दोघींना वितळवलं आणि एकच मोठी घंटा ओतली. ती घणघणली आणि लोकांनी हात जोडले, "हाच खरा सूर!" लुसिया परत आली म्हणून मोनिका हरखली.

मग एक नवी छोटी घंटा टांगली गेली. तिचा सूर जरा निराळा लागला.

"पाखंडी!" नवी थोरली लुसियाच्या गोड आवाजात ओरडली. "मोनिके, तू सांग."