वकिलाचं अर्धं सूप

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, पानमळ्यांसाठी नावाजलेलं. मळ्यांना पाणी एका पाटानं यायचं, आणि पाट यायचा वरच्या गावाच्या हद्दीतून. वरच्या गावाला हे सलायचं. दरवर्षी तिथले लोक दरबारात फिर्याद करायचे, की पाट आमचा आणि पाणीही आमचंच.

खालच्या गावाच्या वतीनं बोलायला एक वकील होता. तो दरवर्षी राजधानीला जायचा, गावाची बाजू मांडायचा, आणि पाट वाहत राहायचा.

त्या गावात एक रीत होती. सुगी झाली की ज्यानं त्यानं खळ्यावर येऊन वर्षभराचं काम पंचांना दाखवायचं, आणि पंचांनी ते पाहून सुपानं धान्य द्यायचं. सुतारानं नांगर दाखवावा, कुंभारानं रांजण. रीत तशी चांगली होती, पण डोळ्यांना दिसेल तेवढंच तिला कळायचं.

एका सुगीला थोरले पंच म्हणाले, "वकीलबुवा, यंदा दरबारातनं आणलंत काय?"

"आणायचं काय? पाणी येतंय ना पाटाला?"

"ते तर आमच्या आज्यापणज्यापासनं येतंय. त्यात तुमचं काय?"

खळ्यावर हशा पिकला. भर दरबारात कुणाला हार न जाणारा वकील आपल्याच माणसांशी वाद घालत बसला नाही. तो एवढंच म्हणाला, "पंच, मला जास्त नको. दरबारात आपल्या गावाचं नाव कधी पुकारतील याचा नेम नसतो. तोवर राजधानीत पोटाला मिळेल, एवढं द्या."

"बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात तुमचा," पंच म्हणाले, "त्याला धान्य कशाला लागतंय?"

वकिलाचं पुरं सूप अर्ध्यावर आलं. त्याच बैठकीत पंचांनी आपापलं एकेक सूप वाढवून घेतलं, कारण उन्हात बसून न्याय करणं सोपं नसतं. त्यांनी काय आणलं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

भाकरी बांधताना बायको म्हणाली, "यंदा जाऊच नका. कळू दे त्यांना."

"त्यांना कळेस्तोवर मळे वाळून जातील," वकील म्हणाला. "लावलेले त्यांच्या बापजाद्यांनी, पण माझा जीवही त्यातच आहे." आणि तो निघाला.

राजधानीत दिवसामागून दिवस गेले, तरी नाव पुकारलं जाईना. पीठ संपलं. त्याच धर्मशाळेत वरच्या गावाची मंडळी उतरली होती. त्यांना गावानं आचाऱ्यासकट पाठवलं होतं. त्यांचा वकील जुना ओळखीचा. तो म्हणाला, "या, पानावर बसा. भांडण दरबारातलं, इथं कसलं?"

तुपाचा वास सुटला होता. वकिलानं हात जोडले. "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, बाबा. तुमचं खाल्लं तर उद्या तुमच्याविरुद्ध माझी जीभ उचलायची नाही."

तो तांब्याभर पाणी पिऊन निजला. सकाळी उठून धान्यपेठेत पोती वाहायला गेला. मग रोजचंच झालं. आधी दरबारात जाऊन चोपदाराला विचारायचं, तो "आज नाही" म्हणाला की पेठ गाठायची आणि संध्याकाळच्या भाकरीपुरतं मिळवायचं.

एके दिवशी चोपदारानं "आज नाही" म्हटलं खरं, पण आधीच्या फिर्यादी झटपट निकाली निघाल्या. खालच्या गावाच्या नावाचा पुकारा झाला. एकदा झाला, दोनदा झाला, तिसऱ्यांदा झाला. कुणीच ओ दिली नाही. दरबाराचा कायदा असा, की जो ओ देत नाही त्याचा हक्क नाही. वरच्या गावाच्या वकिलाला तोंडही उघडावं लागलं नाही.

कुणीतरी पेठेत सांगितलं तेव्हा वकील पोतं टाकून धावला. केसांत धान्याचा कोंडा, अंगावर धोतर घामानं चिकटलेलं.

न्यायाधीशांनी विचारलं, "बुवा, इतक्या वर्षांत तुम्ही कधी चुकला नाहीत. आज कुठं होता?"

"पोटासाठी पोती वाहत होतो, महाराज."

न्यायाधीशांना वाईट वाटलं. पण दिलेला निकाल त्यांनाही फिरवता येत नव्हता.

सारी वाट वकील रडत आला. गावात येऊन त्यानं झालं ते झालं तसं सांगितलं, काही लपवलं नाही. महिन्याभरात पाट कोरडा पडला. पानं पिवळी झाली, वेल आधार सोडून खाली आले. पिढ्यान्पिढ्या जपलेले मळे डोळ्यांदेखत गेले. माणसं गाड्या जुंपून गाव सोडू लागली.

तुम्ही म्हणाल, आता तरी गावाला कळलं असेल. नाही कळलं. उरलेल्या माणसांसमोर थोरले पंच म्हणाले, "आम्ही तर म्हणतच होतो, हा काही काम करत नाही. बरं झालं याला पुरं सूप दिलं नाही ते. तेवढं तरी वाचलं."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. वकील एका कडेला उभा होता. त्यानं बायकोला सामान बांधायला सांगितलं.

तात्पर्य: असलेलं राखणाऱ्याचं काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जे गाव त्याच्या पोटाला चिमटा काढतं, ते आपल्याच मुळावर उठतं.