डाव्या हाताची आई

“सर, त्या बाईचा हात… पाहिलात ना तुम्ही?”

तांबोळी सरांनी मान हलवली. पाहिला होता.

मुकुंद धायगुडेनं आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. संग्रहालयात बेनेदेत्तो या पाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन चित्रकाराचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. शेवटचं दालन त्याच्या प्रभावातून काढलेल्या चित्रांचं, आणि तिथं मुकुंदचं गाजलेलं चित्र, ‘आई’. अर्ध्या तासात उद्घाटन. भाषण मुकुंदचंच. गावच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना त्यानं मिरवायला म्हणून बोलावलं होतं, आणि आता तेच नकोसे झाले होते.

बेनेदेत्तोच्या मूळ चित्रातली बाई सुईत दोरा ओवत होती, उजव्या हातानं. मुकुंदच्या चित्रातली आई ओवत होती डाव्या हातानं. समीक्षक म्हणायचे, काय हे बंड! थेट बेनेदेत्तोचाच हात फिरवला! मुकुंदही मुलाखतींत तेच छातीठोकपणे सांगायचा.

बंड कसलं डोंबलाचं! सरांच्या वर्गात बेनेदेत्तोच्या याच चित्राचं कॅलेंडर होतं आणि ते आरशातल्यासारखं उलटं छापलेलं होतं. आपल्या हातून नकळत त्याचीच नक्कल झाली होती, हे मुकुंदला आज, मूळ चित्रापुढं उभं राहिल्यावर कळलं.

“कॅलेंडर उलटं होतं, हे ठाऊक होतं तुम्हाला?”

“होतं की.”

“मग बोलला का नाहीत?”

सरांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

“निदान आता कुणाला सांगू नका. माझी अब्रू जाईल, सर.”

“मी कशाला सांगू?”

बोलताना मुकुंद कुडत्याचं बटण पिळत होता. ते तुटून हातात आलं.

सरांनी टोपीच्या दुमडीतून सुई काढली, पिशवीतून दोरा.

“ओव.”

मुकुंदनं सुई-दोरा घेतला. तिसऱ्या खेपेला दोरा गेला.

“तुझी आई कुठल्या हातानं ओवायची रे?”

मुकुंदनं हातातल्या सुईकडं पाहिलं.

गल्लीतल्या बायकांची झंपरं शिवून आईनं त्याला शिकवलं होतं. तो तिच्यासमोर बसून चित्रं काढायचा. पण तिचा हात… आठवेना. काही केल्या आठवेना. त्याला रडू येऊ लागलं.

“सर, कॅलेंडरच उलटं होतं हो…”

सरांनी त्याच्या हातून सुई घेतली आणि बटण लावायला सुरुवात केली.

“कॅलेंडर उलटं होतं, मुकुंदा. आई तर समोरच बसायची.”