झिजलेली कड

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपली जुनी मोटार घेऊन एका वृद्ध कारागिराकडे आला. हे गृहस्थ पूर्वी तंत्रशाळेत शिकवत, म्हणून सारे त्यांना मास्तर म्हणत. मूळ भाग सहसा काढायचा नाही, तोच दुरुस्त करून पुन्हा कामाला लावायचा, अशी त्यांची ख्याती होती. व्यापारी त्याच भरवशावर आला होता.

“मास्तर, बायको वारल्यापासून गाडी मी चालवतो,” तो म्हणाला. “आधी तीच चालवायची. सकाळी मला दुकानात सोडायची, संध्याकाळी न्यायला यायची. तिच्या हातात गाडीनं कधी त्रास दिला नाही. माझ्या हातात आली आणि प्रत्येक चौकात बंद पडते. काल मागचा टेम्पोवाला विचारत होता, काका, ढकलत थेट घरी पोचवू का?”

“मग काय म्हणालात?”

“म्हटलं, पोचव बाबा.” व्यापारी क्षणभर हसला. मग म्हणाला, “सगळे सांगतात, कार्ब्युरेटर बदला. पण तो कंपनीनं बसवलेला आहे. गाडी तिची होती. तिच्यातलं काही बदलू नये असं वाटतं. तेवढा भाग वाचवा.”

मास्तरांचा शिष्य पाना घेऊन बॉनेटकडे निघाला. मास्तरांनी त्याला थांबवले. चालकाच्या बाजूचे दार उघडून ते जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि हातातल्या बॅटरीच्या उजेडात पायाखालची पेडले बराच वेळ पाहत राहिले. त्यांवरच्या रबरावरून त्यांनी बोट फिरवले. मग उठून त्यांनी शिष्याला कार्ब्युरेटर उतरवायला सांगितले. तो हातात घेऊन त्यांनी हवेची झडप हलवून पाहिली आणि ते म्हणाले, “शेठ, हा बदला.”

शिष्य चकित झाला. “मास्तर, परवा मी एक गंजका स्क्रू फेकला तर तुम्ही मला कचऱ्यातून शोधायला लावलात. आणि आज अख्खा कार्ब्युरेटर? झडपेच्या दांड्याची भोकं झिजलीत, तिथून जास्तीची हवा शिरून इंजिन बंद पडतं, एवढंच ना? भोकांत पितळी बुश ठोकून ती घट्ट करू.”

“भोकांभोवतीची भिंत पातळ झाली आहे. बुश धरणार नाही.”

“मग आहे तसा राहू द्या. बाईंच्या हातात चालत होताच की.”

“चालत नव्हता,” मास्तर म्हणाले. “इकडे ये. शेठ, तुम्हीही या. ब्रेकच्या रबराची उजवी कड पाहा. आता ॲक्सिलरेटरची डावी कड पाहा. बाकीचं रबर शाबूत आहे, या दोनच कडा गुळगुळीत झाल्या आहेत. गाडी थांबली की इंजिन बंद पडू नये, म्हणून त्या एकच पाऊल आडवं करून दोन्हींवर ठेवत. चवड्यानं ब्रेक दाबायचा आणि पावलाच्या कडेनं थोडं पेट्रोल देत राहायचं. रबर एवढं झिजायला वर्षं लागतात. हा भाग केव्हाच निकामी झाला होता. कोणीतरी रोज सांभाळून घेत होतं, म्हणून तो चांगला वाटत होता. तो ठेवायचा, तर ते पाऊलही हवं. ते आता नाही.”

व्यापारी वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, “चौकात गाडी घुरघुरायची. मी म्हणायचो, उगीच पेट्रोल कशाला जाळतेस. ती म्हणायची, सवय लागली आहे.” त्याने ब्रेकच्या झिजलेल्या कडेवर बोट ठेवले. “गुडघा दुखतो म्हणायची. मी म्हणायचो, वय झालं आता.”

“भाग बदलावा असं कधी बोलल्या नाहीत?”

“एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, कंपनीच्या मालाला हात लावायचा नाही. पुन्हा तिनं विषय काढला नाही.”

व्यापारी उभा राहिला, हात झटकले आणि म्हणाला, “बदला.”

नवा भाग शहरातून मागवावा लागला. तो बसवला त्या दिवशी मास्तरांनी व्यापाऱ्याला चालकाच्या जागेवर बसवून किल्ली फिरवायला सांगितली. इंजिन सुरू झाले आणि एका लयीत चालू राहिले. व्यापाऱ्याचे दोन्ही पाय खाली सपाट टेकलेले होते. तो त्यांच्याकडे पाहत होता.

“आता पाय ठेवावा लागत नाही?”

“नाही.”

“बसवायला किती वेळ लागला?”

“अर्धी सकाळ.”

“हे तेव्हाही करता आलं असतं.”

“आलं असतं,” मास्तर म्हणाले.

तुम्हाला कुठं ठाऊक होतं, असे सांत्वनाचे शब्द शिष्याच्या ओठांवर आले. पण शेजारच्या आसनावर इतकी वर्षे बसूनही ठाऊक नव्हते, हेच तर त्या माणसाचे दुःख होते. ‘आलं असतं’ एवढेच बोलून मास्तर का थांबले, हे तेव्हा त्याला उमगले, आणि तोही गप्प राहिला.

आपल्या घरात जे बिनतक्रार चालले आहे, ते कोणाच्या पायावर चालले आहे, हे, ते माणूस हयात असतानाच, एकदा वाकून पाहावे.