तेगालरंदूचे वाकडे खाचर

मध्य जावात, एका धुमसत्या डोंगराच्या पश्चिम उतारावर तेगालरंदू नावाचे गाव आहे. डोंगरापासून नदीपर्यंत भाताची खाचरे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात आणि प्रत्येक पायरीचा बांध दोरी लावून घातलेला सरळ आहे. वरच्या पाटाला लागून असलेले एक खाचर तेवढे तसे नाही. त्याचा बांध सुरुवातीला विळ्यासारखा आत वळतो आणि अर्ध्या वाटेवर एकाएकी सरळ होतो. मोजणीवाले येतात, हा बांध नीट केला तर रोपांच्या आणखी ओळी बसतील असे समजावतात. गावकरी त्यांना कॉफी पाजतात, उकडलेली केळी देतात आणि बांधाला हात लावू देत नाहीत.

कुणी पाहुणा फारच खोदून विचारू लागला तर त्याला म्बाह वोंगसोंकडे पाठवतात. म्बाह म्हणजे आजोबा. हे आजोबा त्याच वाकड्या बांधावर पाण्यात पाय सोडून बसतात, लवंगेची विडी पेटवतात आणि शेताकडे बघत सांगू लागतात.

फार मागची गोष्ट आहे. नदीवर पूल नव्हता आणि या मुलखावर एका अधिपतीचे राज्य होते. त्याच्या घराण्याचा जुना कायदा होता, की ज्या जमिनीत नांगराचे तास पडले ती नांगरणाऱ्याची, आणि जी पडीक राहिली ती सरकारजमा. मुदत आकाशावरून ठरे. आपण ज्या चांदण्यांना मृग म्हणतो त्यांनाच जावातला शेतकरी वलुकू म्हणतो, वलुकू म्हणजे नांगर. हा आकाशातला नांगर संध्याकाळी डोंगराच्या खांद्यावर दिसू लागला की मुदत संपली. कायदा वाईट हेतूने केलेला नव्हता. माणसांनी आळस न करता वेळेवर शेतात उतरावे, एवढ्यासाठीच तो होता, असे सांगतात.

पण कायदा वाकवणारा माणूस भेटला की चांगल्या कायद्याचाही फास होतो. या भागाचा कारभार अधिपतीने एका देमांगाकडे दिलेला होता. देमांग म्हणजे आपल्याकडचा महालकरी म्हणा. तेगालरंदूच्या उतारावर बारमाही पाणी आणि काळीभोर माती. ती आपल्या हाताखाली यावी असे देमांगाच्या फार दिवसांपासून मनात होते. एके वर्षी ऐन चिखलणीच्या तोंडावर तो घोड्यावरून गावात आला आणि सावरीच्या झाडाखाली लोकांना जमवून त्याने हुकूम ऐकवला. अधिपती नवा मंडप बांधत आहेत, त्यासाठी जंगलातून सागाचे सोट ओढून आणायचे आहेत, तेव्हा गावातले सगळे रेडे आणि सगळे धडधाकट पुरुष उद्या सकाळी निघतील.

राजाच्या कामाला नाही म्हणायची सोय नव्हती. गर्दीच्या कडेला कार्सिना नावाची एक बाई उभी होती. दार्मिन नावाच्या शेतकऱ्याची ती बायको, अंगाने किरकोळ, बोलायला कमी. ती पुढे आली आणि जमिनीकडे बघत तिने विचारले, “न्दोरो, रेडे चालले, माणसं चालली. मग नांगर कोण ओढणार?”

न्दोरो म्हणजे मालक. देमांग हसला. त्याच्याबरोबरचे भालेवालेही हसले.

“तू ओढ,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रेडे गेले, दार्मिन गेला, बाकीचे पुरुष गेले. गावात बायका, म्हातारी माणसे आणि पोरे उरली. बायकांनी रोपे टाकली, पाट साफ केले आणि वाट बघितली. माणसे काही परतेनात. मग एक दिवस मडकी विकणारा म्हातारा जंगलाच्या वाटेने आला आणि त्याने जे पाहिले ते सांगितले. सागाचे सोट केव्हाच नदीपाशी पोहोचले होते. पण जागा चुकली म्हणून देमांगाने तेच सोट परत वर न्यायला लावले होते. ते वर गेले की पुन्हा खाली आणायचे होते.

कार्सिना धुण्याच्या दगडावर बसून हे ऐकत होती. हातातले कापड तिने पिळून बाजूला ठेवले. देमांगाला लाकूड नको होते, वेळ घालवायचा होता. वलुकू उगवेपर्यंत रेडे डोंगरात ठेवायचे, मग येऊन म्हणायचे की एकाही शेतात तास नाही.

बायकांमध्ये बरीच चर्चा झाली. कुणी म्हणाली अधिपतीकडे जाऊन पाय धरू. कुणी म्हणाली भाताच्या देवीला, देवी श्रीला, फुले वाहू. काहीजणी नुसत्याच रडल्या. कार्सिना घरी गेली, कोठाराच्या आढ्याला टांगलेले जू तिने काढले आणि सासऱ्यापुढे आणून ठेवले. सासरा, म्हातारा सिंगद्राना, डोळ्यांनी अधू झाला होता. त्याने हाताने चाचपून पाहिले आणि काय ते ओळखले.

तो म्हणाला, “न्दुक, जू दोघांचं असतं. एकटा रेडासुद्धा कुणी जुंपत नाही.” मुलीसारख्या बाईला तिकडे न्दुक म्हणतात.

“दुसरा कुठून आणू? तुम्ही रुमणं धरा. मी ओढते.”

म्हातारा उठला. त्याला दिसत कमी होते, पण फाळ मातीत किती उतरला ते त्याच्या तळहाताला कळत असे.

वरच्या पाटाजवळचे हे खाचर दार्मिनचे. सकाळच्या उन्हात कार्सिना त्यात उतरली, चिखल गुडघ्यापर्यंत आला. तिने जुवाच्या एका बाजूला खांदा दिला आणि जोर केला. नांगर हलला. पण दुसऱ्या बाजूला कुणीच नव्हते, तेव्हा जुवाचे ते टोक मागे ओढले जाऊ लागले आणि नांगर सरळ जाण्याऐवजी वळू लागला. ती जितका जोर करी तितके तास वाकडे होई. खांद्याची साल निघाली. पाय सटकून ती तोंडावर पडली, उठली, तोंडातला चिखल थुंकून पुन्हा जुवाखाली शिरली.

बांधावर बायका जमल्या होत्या. कुणी पुढे येईना, कारण टेकाडावर देमांगाचा पहारेकरी उभा होता आणि तो हे सगळे बघून हसत होता. हसणे कार्सिनाच्या कानावर येत होते. असे सांगतात, की ती तिथे थांबली आणि मोठ्याने, पहारेकऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात देवीला म्हणाली, “माझं हाड तुझ्या भातावर वाढलंय. आज तुझ्याच मातीत झिजू दे. पण ही जमीन मी कुणाला पडीक म्हणू देणार नाही.”

आता तुगिनेमबद्दल सांगायला हवे. ही खालच्या खाचराची मालकीण. एका कोरड्या वर्षी दार्मिनने पाटाच्या तोंडचा दगड सरकवून पाणी आपल्याकडे घेतले होते आणि तुगिनेमची सगळी रोपे वाळून गेली होती. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे बंद. चूल विझली तर या घरातली बाई विस्तव मागायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जाई, पण शेजारी जात नसे. त्या दिवशी तुगिनेम आपल्या बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती. गावाला वाटले ती मजा बघत आहे.

कार्सिना दुसऱ्यांदा पडली. तेव्हा तुगिनेमने लुंगी गुडघ्याच्या वर खोचली, खाचरात उतरली आणि लोंबणारे जुवाचे टोक उचलून खांद्यावर घेतले.

“एका बाजूला लटकतंय. बघवत नाही मला,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “पाण्याचं मी विसरलेली नाही.”

“मीही नाही,” कार्सिना म्हणाली.

दोघींनी एकदम पाय रोवला. तिथून पुढे तास सरळ गेले. पुढे बांध याच पहिल्या तासाच्या कडेने घातला गेला, आणि तो जिथे एकाएकी नीट होतो ती जागा हीच. म्बाह वोंगसो इथे बोट दाखवतात. (तुगिनेमच्या वंशातले लोक मात्र सांगतात की वळण मुळात फार नव्हते, कारण त्यांची आजी पुष्कळ आधी उतरली होती. हा वाद गावात अजून मिटलेला नाही.)

आणि तेव्हा एक नवल घडले म्हणे. रेडे नांगर ओढू लागले की किडे टिपायला त्यांच्यामागून बगळे चालतात. नुसत्या माणसाच्या मागे बगळा कधी जात नाही, तो दुरूनच उडतो. त्या सकाळी नदीकडून बगळ्यांचा थवा उठला आणि दोन बायकांच्या मागे, नव्या तासात उतरून संथपणे चालू लागला. म्हातारा सिंगद्राना म्हणाला की मागे पंख वाजताहेत, मातीने आपल्याला ओळखले. ते पाहून बांधावरच्या बायका घराकडे धावल्या आणि ज्याच्यात्याच्या आढ्याची जुवे खाली आली. सुना आणि सासवा, जावा जावा, शेजारणी जोडीने जुवाखाली शिरल्या. पहारेकऱ्याचे हसणे थांबले. तो देमांगाला कळवायला निघून गेला.

वलुकू उगवायच्या संध्याकाळी देमांग आला. बरोबर दोन भालेवाले. तो ज्या घोड्यावर बसला होता तो अधिपतीने त्याला मानाने दिलेला होता. घोडा कुणी पांढरा सांगतात, कुणी अबलख. डोंगरापासून नदीपर्यंत प्रत्येक खाचरात तास पडलेले होते आणि प्रत्येक तासात खांद्याला चिंध्या बांधलेल्या बायका उभ्या होत्या. देमांग म्हणाला, हे नांगरणे नव्हे. नांगर रेड्यांनी ओढायचा असतो.

कार्सिना म्हणाली, “न्दोरोंनीच सांगितलं होतं, तू ओढ. साऱ्या गावानं ऐकलंय. मी हुकूम मोडला नाही.”

या वेळी ती जमिनीकडे बघत नव्हती.

देमांगाचा संताप झाला. हे तास घोड्याच्या टापांनी बुजवून टाकतो, असे म्हणून त्याने टाच मारली आणि घोडा थेट कार्सिनाच्या खाचरात घातला. पण पहिले तास पडल्यापासून बायकांनी त्या खाचराची रोज चिखलणी केली होती. चिखल लोण्यासारखा मऊ झाला होता. घोडा चार ढांगा गेला आणि पोटापर्यंत रुतला. धडपडेल तितका खाली जाई. भालेवाले उड्या टाकून गेले आणि त्याची मान चिखलावर उचलून धरून उभे राहिले. त्यांनी हात सोडले असते तर घोडा गुदमरून मेला असता, आणि अधिपतीने दिलेला घोडा भाताच्या चिखलात मारला असे सांगायची देमांगाची छाती नव्हती.

कार्सिनाने जू आणले. घोड्याच्या छातीभोवती दोर बांधला, दुसरे टोक जुवाला अडकवले आणि एका बाजूला आपला सोललेला खांदा दिला.

“दुसरी बाजू रिकामी आहे,” ती म्हणाली.

देमांगाने तुगिनेमला हुकूम केला. तुगिनेम दोन पावले मागे सरली आणि म्हणाली की आज खांदा थकला आहे. त्याने दुसरीला सांगितले, तिसरीला सांगितले. सगळ्यांचेच खांदे थकले होते. घोड्याचा श्वास घरघरू लागला. मग देमांगाने घोड्यावर बसूनच पायातल्या वहाणा काढल्या, रेशमी लुंगी वर खोचली, तो चिखलात उतरला आणि कार्सिनाच्या शेजारी जुवाखाली खांदा घातला.

त्याने ओढले. कार्सिनाने ओढले. दोघांनी इंच इंच करत घोडा बांधापर्यंत आणला. घोडा बांधावर चढून थरथरत उभा राहिला तेव्हा देमांग गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या खांद्यावर जुवाचा तांबडा वळ उठला होता. डोंगराच्या खांद्यावर चांदण्या दिसू लागल्या होत्या.

कार्सिनाने जू खाली ठेवले.

ती म्हणाली, “न्दोरो, वलुकू उगवला. या शेतात जू आता तुम्हीही ओढलंय. ते नांगरलेलं आहे की पडीक, तुम्हीच सांगा.”

पडीक म्हणावे, तर सगळा गाव आणि त्याचे स्वतःचे दोन शिपाई साक्षीला होते की त्याच शेतात तो जुवाखाली वाकला होता. देमांगाने आपल्या खांद्यावरच्या वळाला हात लावला आणि तो म्हणाला, “नांगरलेलं.”

तो घोड्याचा लगाम धरून चालत परत गेला, बसला नाही. थोड्याच दिवसांत पुरुष आणि रेडे घरी आले. देमांगाने त्यांना का सोडले ते त्याने कधी सांगितले नाही. दार्मिनने बायकोचा खांदा पाहिला आणि तो पाटाच्या तोंडचा दगड जागेवर ठेवायला गेला. दगड पुन्हा नीट बसला नाही असे तुगिनेमचे म्हणणे होते, आणि त्यावरून दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत भांडल्या. पण भांडण बोलून होऊ लागले, आणि विस्तव मागायला कुणी लांब गेले नाही.

आजही वलुकू उगवायच्या दिवशी तेगालरंदूत रेडे गोठ्यात राहतात. वर्षाचे पहिले तास माणसे ओढतात. जुवाच्या एका बाजूला गावातली बाई असते आणि दुसऱ्या बाजूला त्या वर्षी गावावर हुकूम चालवणारा जो कुणी साहेब असेल तो. तालुक्याचा अधिकारी येतो, पाटबंधाऱ्याचा येतो, एकदा बियाणे खात्याचा मोठा साहेब इस्त्रीच्या कपड्यांत आला होता. नको म्हणणाऱ्याला कुणी जबरदस्ती करत नाही, बांधावरून फक्त सगळा गाव त्याच्याकडे बघत राहतो, आणि शेवटी तो बूट काढतो. जू खांद्यावर बसले की शेजारची बाई त्याला विचारते, ही जमीन कुणाची? “नांगरणाऱ्याची,” असे तो खालच्या नदीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणेपर्यंत ती पाऊल उचलत नाही.