सोनकी आणि वाघजाईचा वाघ

ऐका हं, पांघरुणं ओढून घ्या. एका डोंगराच्या कुशीत होती करवंदवाडी, आणि तिथं राहायची सोनकी. चौदा वर्षांची पोर. एका पावसाळ्यात दरड कोसळली नि तिचे आई-बाप घरासकट गाडले गेले. सोनकी तेवढी वाचली. मग मामा-मामींनी तिला आपल्या घरी आणलं.

गावाच्या वर, काळ्या खडकावर, वाघजाईचं देऊळ होतं. दारात देवीचा वाघ, दगडाचा. आधी सोनकी तिथं रोज फुलं वाहायची. आता देवीचं नाव काढलं तरी तोंड फिरवायची.

मामी म्हणाली, "राग आलाय ना बाय? मग तिलाच जाऊन सांग. आईवर नाही रागवायचं तर कुणावर?"

मग सोनकी तरातरा गेली. ओरडली, "कुठं होतीस त्या दिवशी? झोपली होतीस?" देवीला असं म्हणतात का? पण ती म्हणाली, बरं का! देवी काही कोपली नाही. दगडी वाघाची पापणी मात्र हळूच लवली.

मग दुसऱ्यांदा गेली. ओरडणं संपलं होतं. पायरीवर बसून ढसाढसा रडली. दरड कोसळली त्यानंतर पहिल्यांदाच रडली. वाघाची शेपटी तिच्या पाठीवरून फिरली. तिला वाटलं, वारा आला.

तिसऱ्यांदा गेली तेव्हा खाली गावात लग्न होतं. मांडव गच्च भरलेला, सनई-चौघडा जोरात. एवढ्यात डोंगर घुमला. घुर्रर्र... तोच आवाज! वरची माती सुटायला लागली, थेट मांडवाच्या रोखानं. सोनकी गर्रकन देवीकडे वळली.

"आई," ती देवीला म्हणाली, "मला फार भीती वाटतेय. पण खाली माणसं आहेत गं!"

आणि काय सांगू! वाघ उठला! अंग झटकलं, शेंदूर भुरुभुरु उडाला. म्हणाला, "बस पाठीवर!"

एक उडी, करवंदीच्या जाळ्या पार! दुसरी उडी, शेतं पार! तिसरी उडी थेट मांडवात!

"पळा! दरड येतेय! ओढ्यापलीकडे पळा!"

दरड कुणाला दिसली नव्हती, पण वाघ दिसला ना! मग काय, नवरा मुंडावळ्या सावरत पळाला, नवरी शालू खोचून पळाली, आचारी झाऱ्यासकट पळाला. एक म्हातारी तेवढी मागं राहिली. सोनकी टुणकन उतरली, म्हातारीला वाघावर बसवलं आणि स्वतः शेजारून धावत सुटली. ओढा ओलांडला नाही तोच मागं धडाडधूम! मांडव गेला, पण माणूस एकही गेला नाही.

लग्न लागलं ते मग देवळातच. गर्दी पांगल्यावर सोनकीनं विचारलं, "मग माझ्या आई-बाबांच्या वेळी का नाही आलीस?"

का नाही आली, ते मलाही ठाऊक नाही रे बाळांनो. पण या वेळी सोनकीनं तोंड फिरवलं नाही. देवीच्या पायांवर डोकं ठेवून तशीच बसली, राग घेऊन आणि मायाही घेऊन.

बाहेरून मामीनं हाक मारली, "सोनके, पंगत बसली! चल, जिलबी गरम आहे!" आणि सोनकी गेली, पोटभर जेवली.

पुढं गावानं ओढ्यापलीकडच्या पठारावर नवी घरं बांधली. डोंगर घुमला की काय करायचं, ते लहानग्यांना सोनकीच शिकवायची. सगळे सुखानं नांदले. तुम्हीही नांदा. आता मिटा बघू डोळे.